वीस इंची सायकल मोठ्या माणसासाठी, नोंद तिसरी: सीटची उंची साधली, हँडलचे अंतर बाकी

लेकीची वीस इंची सायकल तिला दोन वर्षांपूर्वीच लहान पडू लागली आणि तेव्हापासून ती जिन्याखाली उभी होती. सांगाडा पोलादी, सरळ आणि गंज न चढलेला असल्यामुळे ती भंगारात घालण्याऐवजी बाजारहाटासाठी आणि रंकाळ्यापर्यंतच्या फेरीसाठी मला चालवता येईल अशी करावी, असे ठरवून उन्हाळ्यात काम हाती घेतले. चाके आणि ब्रेक यांच्याविषयी मागच्या दोन नोंदींत लिहिले आहे. ही नोंद सीट, क्रँक (पॅडल ज्यांना जोडलेले असते त्या दांड्या) आणि हँडल यांची आहे.

जांघेपासून टाचेपर्यंतची माझी लांबी ७६ सेंटीमीटर आहे. तिला ०.८८३ ने गुणण्याचा रूढ हिशेब लावला की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ६७ सेंटीमीटर अंतर येते. त्यातले ३० सेंटीमीटर सांगाड्याच्या सीट ट्यूबचे (सीटचा पाईप जिच्यात उतरतो ती उभी नळी) आणि ६ सेंटीमीटर सीटच्या स्वतःच्या जाडीचे. म्हणजे सीटचा पाईप ३१ सेंटीमीटर बाहेर राहणे भागच होते. दुकानात मिळालेला सर्वांत लांब पाईप ३५ सेंटीमीटरचा होता. तो बसवल्यावर आत जेमतेम ४ सेंटीमीटर उरले, आणि किमान खोलीची रेघ, म्हणजे पाईप निदान जिथपर्यंत आत जायलाच हवा ती खूण, डोळ्यांसमोर बाहेर दिसत असताना मी त्यावर बसून तीन दिवस गल्लीत फिरलो. हे करायला नको होते. चौथ्या दिवशी सायकल पुसताना सीट ट्यूबच्या मागच्या खाचेखाली केसाएवढी चीर दिसली. नख फिरवले की ते तिथे अडत होते.

पुढचे काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत झाले. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती पुढे सरकणे थांबवले, वरून पितळेचे ब्रेझिंग करून घेतले (पितळ वितळवून चीर भरून घेतली) आणि उष्णतेने आतला व्यास बिघडला असणार म्हणून रीमर, म्हणजे भोक आतून खरवडून नेमक्या मापाचे करणारे हत्यार, फिरवला. नवा पाईप २५.४ मिलिमीटर व्यासाच्या, ३.२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीतून ४८ सेंटीमीटर लांब कापला. सीटचा क्लॅम्प २२.२ मिलिमीटरचा असल्यामुळे वरचे टोक लेथवर तेवढे उतरवावे लागले. जिथे व्यास बदलतो तिथे धारदार पायरी न ठेवता गोलाई ठेवायला मी आवर्जून सांगितले, कारण पाईप तुटतो तो नेमका अशा पायरीपाशी. आता १७ सेंटीमीटर पाईप आत आहे आणि आडवी दांडी सीट ट्यूबला जिथे मिळते त्याच्याही तो बराच खाली उतरतो. ब्रेझिंगवर रंग लावलेला नाही. नवी चीर गेलीच तर उघड्या धातूवर ती लगेच दिसेल.

क्रँकचे काम त्या मानाने सरळ झाले. जुने दात पुढच्या चक्राला ३६ आणि मागच्याला १८ होते, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३ मीटर जाई. आता पुढे ४४ आणि मागे १६ आहेत. एका फेऱ्यात सुमारे ४.१७ मीटर, म्हणजे मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १५ किलोमीटर. मोठे चक्र सांगाड्याला घासत होते म्हणून क्रँकचा अॅक्सल लांब घेतला. १६५ मिलिमीटरच्या क्रँकमुळे पॅडलचा मध्य खालच्या टोकाला जमिनीपासून साडेआठ सेंटीमीटरवर येतो, त्यामुळे वळताना आतले पॅडल वर ठेवण्याची सवय लावून घेत आहे.

खरी अडचण निघाली ती लांबीची, आणि ही जोडणी करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ती आधी मोजावी असे मला कळकळीने वाटते. सीट ट्यूब तिरपी असल्यामुळे सीट १९ सेंटीमीटर वर नेली तेव्हा ती साडेसहा सेंटीमीटर मागेही गेली. हँडल वर केले तर तेही मागे, म्हणजे माझ्याकडे येते. परिणामी सीटच्या टोकापासून हँडलपर्यंत ३९ सेंटीमीटर मिळतात, माझ्या मोठ्या सायकलवर ५०. गुडघे हँडलला लागतात, आणि चढावर पुढचे चाक हलके पडून डळमळते. मागच्या चाकाखाली वजनकाटा आणि पुढच्याखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवून मी सीटवर बसलो, तेव्हा माझ्यासह एकूण ७८ किलोपैकी ५५ किलो मागच्या चाकावर दिसले. क्लॅम्प उलटा करून सीट पुढे सरकवली तर वजन थोडे पुढे येते, पण मुळातच तोकडे असलेले अंतर आणखी घटते. म्हणून तो मार्ग सोडला.

उरतो तो हँडलच्या दांडीचा, म्हणजे हँडल धरून खाली सांगाड्यात उतरणाऱ्या दांडीचा, उपाय. सध्याची ४ सेंटीमीटर पुढे जाते, २२.२ मिलिमीटर जाडीची, १० सेंटीमीटर पुढे जाणारी दांडी मिळवली आहे आणि तिच्यावरची किमान खोलीची रेघ या वेळी आत गेल्याशिवाय नट आवळणार नाही. ती बसल्यावर ३९ चे ४५ होतील. उरलेले ५ सेंटीमीटर हँडल पुढे झुकवून किती भरून निघतात ते पाहायचे आहे, आणि मग त्याच फळीवर, त्याच काट्यावर मागच्या चाकाचे वजन पुन्हा घ्यायचे आहे.