तुम्ही विचारलंत म्हणून: ‘परत कधी येताय?’

लग्नात, बारशाला, बार्शीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या हाच प्रश्न. आत्या तर चहा गाळता गाळता विचारते, ‘काय ठरलं मग?’ जणू दिवेआगर म्हणजे आमची लांबलेली सहल. पुण्यातली नोकरी का सोडली, लग्नाला दीड वर्ष होत नाही तोच घाट का उतरलो, हे तुम्हाला पाठ आहे, ते सोडते. तुमचा खरा प्रश्न वेगळाच असतो: 2020 मध्येच का नाही आलात?

आधी एक कबुली. नोव्हेंबर 2019 मध्ये भाड्याने घेतलेल्या घरातून समुद्र दिसत नाही म्हणून मी आठवडाभर फुरंगटून होते. मध्ये शेजारच्या काकूंची वाडी. पोफळी, माड, त्यांवर चढलेले मिरीचे वेल, पलीकडे सुरूचं बन. गाज ऐकू यायची, पाणी दिसायचं नाही. काकूंना बोलून दाखवलं तर हसल्या. ‘त्याच्याकडे तोंड करून घर कोण बांधतं?’ मला ते अडाणीपणाचं वाटलं. अक्कल पुण्याहूनच भरून आणली होती ना!

3 जूनला निसर्ग वादळ आलं. सकाळपासून पाऊस होताच, दुपारी वारा असा काही सुटला की आम्ही दोघं काकूंच्या माजघरात पळालो. सात माणसं, एक गाय, वरून एकेक कौल उडतंय. पोफळ मोडताना करकरत नाही, फाडकन तुटते. काकू सुरुवातीला आवाजावरून सांगत होत्या. ‘ही विहिरीजवळची. ही सासूबाईंनी लावलेली.’ खरंच ओळखू येत होतं की नाही, कोण जाणे. मग त्या बोलायच्या थांबल्या. आवाज येतच राहिले.

संध्याकाळी घरी आले तर खोलीत नको इतका उजेड. छप्पर अर्धं गेलेलं आणि खिडकीतून समुद्र. अख्खा, गढूळ, सरळ समोर. मला हवा होता तसा.

दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. बायकांनी आडव्या पडलेल्या वडालाच सूत गुंडाळलं.

फोन बंद. सहाव्या दिवशी तोडलेल्या ओंडक्यांमधून वाट काढत गाडीवरून रेंज शोधत गेलो. आई रडली नाही. म्हणाली, ‘लॉकडाऊनचा पास काढते, गाडी पाठवते.’ मी नको म्हटलं. तुम्ही त्याला धाडस म्हणता, जिद्द म्हणता. लाज होती हो ती. गावभर मिरवून निघाले होते, सात महिन्यांत ताडपत्री पांघरून कशी परतणार? आणि हे आजवर सांगितलं नाही: हा निघायला तयार होता. त्याने बॅगही भरली होती. त्या रात्री आम्ही जे भांडलो, ते काही सगळं मिटलेलं नाही.

पण नुसती लाजही नव्हती. बॅग काकूंनी पाहिली. ‘तुमचं बरं आहे. तुम्हाला जायला घाट आहे.’ टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. सरकारने बागायतीला हेक्टरी 50 हजार जाहीर केले. काकूंची वाडी 12 गुंठ्यांची, करा हिशोब. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. त्या पावसात आम्ही तिघांनी रोपं लावली. अर्थात, रोपं लावली म्हणून राहिलो की राहायचंच होतं म्हणून लावली, यावर माझं मत दर वर्षी बदलतं. कोळंबी निवडताना एक असतं, दवाखान्यासाठी तासन्‌तास गाडी हाणताना दुसरं.

यंदा त्यातल्या काही पोफळींना सुपारी धरली आहे. खिडकीतून समुद्र आता पट्ट्यापट्ट्यानेच दिसतो.

मे महिन्यात येतो आहोत, आठ दिवस. जास्त आग्रह करू नका, आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची आहे.