अर्धांगवायू झालेल्या बंद्याच्या भेटीला जाताना

हिंगणघाट तालुक्यातील एका शेतमजूर कुटुंबातल्या कर्त्या पुरुषाला शिक्षा भोगत असतानाच अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. त्याची पत्नी आणि वृद्ध आई यांच्यासोबत मी नुकतीच विदर्भातील एका मध्यवर्ती कारागृहात जाऊन आले. अशा भेटीला निघणाऱ्या इतर कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

भेटीची नोंदणी आम्ही ई-मुलाकातीच्या संकेतस्थळावर आधीच केली होती. तरीही आधार कार्डाची मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही जवळ ठेवावीत. एसटीत ७५ वर्षांवरील प्रवाशांना प्रवास मोफत आहे आणि महिलांना निम्मे तिकीट पडते. मजुरी बुडवून येणाऱ्या घराला ही सवलत फार मोलाची आहे. वृद्ध माणूस सोबत असेल, तर पाणी, औषधे आणि डबा घेऊनच निघावे, कारण प्रवेशद्वाराबाहेर किती वेळ थांबावे लागेल याचा अंदाज येत नाही.

भेट काचेपलीकडून, फोनवर झाली. त्याला उजव्या हाताने फोन धरता येत नव्हता आणि बोलणेही अडखळत होते. शेवटी सोबतच्या बंद्याने फोन त्याच्या कानाशी धरला. मोकळे प्रश्न विचारण्यात आमची पहिली काही मिनिटे गेली. मग त्याच्या पत्नीने, म्हणजे ताईंनीच मार्ग काढला आणि मान हलवून उत्तर देता येईल असेच प्रश्न त्या विचारू लागल्या: गोळ्या रोज मिळतात का, कधी पडलात का, व्यायाम कोणी करून घेते का, संडासात बसता येते का? शेवटच्या दोन्ही प्रश्नांना त्याने नकारार्थी मान हलवली. बोलणे गेलेल्या किंवा ऐकू न येणाऱ्या बंद्याच्या घरच्यांनी असे प्रश्न महत्त्वाच्या क्रमाने आधीच लिहून न्यावेत.

खरी अडचण कागदावर आहे. हा माणूस आत गेला तेव्हा धडधाकट होता, त्यामुळे प्रवेशाच्या वेळच्या वैद्यकीय नोंदीत अपंगत्वाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, आणि झटक्यानंतर कोणी प्रमाणपत्र काढले नाही. म्हणजे ज्याला दुसऱ्याने धरल्याशिवाय संडासाला जाता येत नाही, तो सरकारदरबारी आजही अपंग नाही. म्हणून कारागृहाला दिलेल्या आमच्या अर्जातील पहिली मागणी होती ती पोलीस बंदोबस्तात शासकीय रुग्णालयात नेऊन त्याची तपासणी करावी आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळवून द्यावे, अशी. त्याखाली कमोडची खुर्ची, चालण्यासाठी आधाराची काठी, फिजिओथेरपी आणि मदतनीस बंद्याची लेखी नेमणूक या मागण्या स्वतंत्र क्रमांक घालून लिहिल्या. ‘योग्य त्या सुविधा द्याव्यात’ असे मोघम वाक्य कधीही लिहू नये, कारण त्याला तितकेच मोघम उत्तर येते. तळोजा कारागृहात असलेल्या वृद्ध आदिवासी हक्क कार्यकर्ते स्टॅन स्वामींना कंपवातामुळे पेला धरता येत नव्हता आणि साध्या स्ट्रॉ व सिपरसाठी त्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयात अर्ज करावा लागला, हे लक्षात ठेवून आपल्याला क्षुल्लक वाटणारी वस्तूही नावानिशी मागावी.

अर्ज अधीक्षकांच्या नावे करावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नये. नंतर सांगणारा माणूस बदलतो, पोच बदलत नाही. अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १२ चा, म्हणजे न्याय मिळवण्याच्या समान हक्काचा उल्लेख करावा. सर्वोच्च न्यायालयाने १५ जुलै २०२५ रोजी एल. मुरुगानंथम प्रकरणात दिव्यांग बंद्यांसाठी सोयी करण्याचे सविस्तर निर्देश दिले आहेत. ते प्रकरण तमिळनाडूचे असले, तरी त्याचा आधार असलेला २०१६ चा कायदा सगळ्या देशाला लागू आहे, म्हणून त्या निर्देशांची प्रत आम्ही अर्जाला जोडली. एक प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयालाही पाठवली.

भेट आटोपल्यावर लगेच परतीची गाडी पकडू नये. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या व्यक्तीला आणि अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, हे अनेक कुटुंबांना कोणी सांगितलेलेच नसते आणि ती दागिने मोडून खासगी वकील करतात. ज्यांना प्रत्यक्ष जाणे जमत नाही, त्यांनी १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

आमचा अर्ज स्वीकारला गेला आहे, तपासणीची तारीख अजून मिळालेली नाही. पुढच्या भेटीपर्यंत ती मिळाली नाही, तर पोच आणि जोडलेली सर्व कागदपत्रे घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागायची, असे ताईंनी ठरवले आहे.