तोरणमाळचा सातपायरी घाट ट्रॅकमध्ये उभा करताना : नोंद तिसरी

मागील नोंदीत रस्त्याची आडवी आखणी, म्हणजे वरून दिसणारी वळणे, पूर्ण झाल्याचे लिहिले होते. त्यानंतरचे पाच आठवडे एकट्या उंचीने खाल्ले. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला चढणाऱ्या रस्त्यावरील सातपायरी घाट ‘असेटो कोर्सा’ या संगणकावरील मोटार शर्यतीच्या खेळासाठी उभा करण्याचे हे काम आहे. ते करताना चांगला ट्रॅक एडिटर, म्हणजे खेळातील रस्ते बनवण्याचे सॉफ्टवेअर, कशाला म्हणावे, याविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. जो एडिटर रस्त्याची उंची त्याच्या नकाशापासून वेगळी हाताळू देतो, तो चांगला. झाडे, कठडे, फलक आणि प्रेक्षक यांच्या सोयी त्यानंतर पाहाव्यात.

सुरुवातीला मी एका तयार एडिटरमध्ये रस्ता थेट भूभागावर अंथरला होता. भूभागाची उंची फेब्रुवारी 2000 मधील अंतराळयानाच्या रडार मोहिमेतून मिळालेल्या, सर्वांना खुल्या असलेल्या माहितीवरून घेतली होती. या माहितीत साधारण 30 मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला उंचीचा एकच आकडा असतो. शहाद्याच्या सपाट काळ्या जमिनीवर तेवढे पुरते. घाटात मात्र एकाच चौकोनात वरचा रस्ता, मधला कडा आणि खालचा रस्ता असे तिन्ही येतात, आणि आकडा या तिन्हींच्या सरासरीचा निघतो. परिणामी तिसऱ्या वळणानंतर माझा रस्ता आधी दरीकडे झुकला, मग कड्यावर चढला आणि पुन्हा खाली आला. गाडी दुसऱ्या गिअरमध्येही हवेत उडत होती.

हे खड्डे-उंचवटे गुळगुळीत करायला गेलो, तेव्हा त्या एडिटरची खरी उणीव कळली. त्यात रस्त्याचा प्रत्येक बिंदू लांबी, रुंदी आणि उंची एकत्र धरून ठेवतो, त्यामुळे उंची सैल केली की वळणाचा आकारही सरकतो. दोन आठवडे जपून जुळवलेले वळण एका दुपारी बिघडले.

माझे मामा रस्त्यांच्या कामावर सर्वेक्षक होते. त्यांना पडद्यावर हे दाखवले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘अरे, याचा एल-सेक्शन कुठे आहे?’’ रस्ता आखताना नकाशा एका कागदावर आणि चढ-उतार दुसऱ्या कागदावर काढतात; हा दुसरा कागद म्हणजे एल-सेक्शन. दोन्हींना जोडणारी गोष्ट म्हणजे सुरुवातीपासून मोजलेले अंतर, ज्याला ते चेनेज म्हणतात. एल-सेक्शनवर रेषा वरखाली केली तरी नकाशातील वळण तसूभरही हलत नाही. त्याच संध्याकाळी मी तो एडिटर बंद केला आणि ब्लेंडर या त्रिमितीय आकार बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या वक्ररेषा काढल्या, एक नकाशाची आणि एक चढाची. त्या दोन्हींवरून रस्त्याची जाळी, म्हणजे लहान तुकडे जोडून बनलेला त्याचा पृष्ठभाग, तयार करणारी लहानशी पायथन स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या सूचना) लिहिली.

हेअरपिन, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरवणाऱ्या वळणाचा हिशेब येथे थोडा विस्ताराने मांडतो, कारण बहुतेक एडिटर तो दाखवतच नाहीत. आतल्या कडेची त्रिज्या 14 मीटर आणि रस्त्याची रुंदी 7 मीटर धरली, तर मध्यरेषेची त्रिज्या साडेसतरा आणि बाहेरच्या कडेची 21 मीटर होते. मध्यरेषेवर चढ 6 टक्के ठेवला, तर तेवढीच उंची आतल्या कडेला कमी अंतरात गाठावी लागते, म्हणून तेथे चढ साडेसात टक्के होतो आणि बाहेर 5 टक्केच राहतो. याच कारणाने घाटात जड गाड्या वळण बाहेरून घेतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत हेअरपिनवर चढ अडीच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असे म्हटले आहे, हे मला या कामातच समजले. ज्या एडिटरमध्ये फक्त मध्यरेषेचा चढ दिसतो, त्यात आतल्या चाकाखाली काय चालले आहे हे गाडी चालवल्याशिवाय कळत नाही.

आडवा उतार, म्हणजे रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचा उतार, मोजण्यासाठी मी पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी, एक मीटरची लाकडी फळी आणि गवंड्याची पाणसळ घेऊन गेलो होतो. फळीचे एक टोक रस्त्यावर टेकवायचे, पाणसळीतील बुडबुडा मध्यावर येईपर्यंत दुसरे टोक उचलायचे आणि खालची फट पट्टीने मोजायची. एका वळणाच्या आतल्या अंगाला फट 9 सेंटिमीटर भरली, म्हणजे 9 टक्के उतार. त्याच वळणाच्या बाहेरच्या कडेजवळ ती जेमतेम 4 होती. रस्त्याचा आडवा छेद ही एकच सरळ रेषा नसते. चांगल्या एडिटरने छेदावर किमान तीन-चार ठिकाणी वेगवेगळा उतार देऊ द्यावा, अशी अपेक्षा मी आता ठेवतो.

जुन्या खेळांकडे या नजरेने पाहिले की त्यांच्याविषयीचा आदर वाढतो. 1984 च्या ‘एक्साइटबाइक’ या मोटारसायकल शर्यतीच्या खेळातील एडिटरमध्ये वळणच नव्हते, रस्ता सरळ, आणि खेळाडूने मांडायचे ते फक्त चढ, उतार आणि अडथळे. तेवढ्यावर तो खेळ उभा राहिला.

दुसरी अडचण वेळेची आहे. ब्लेंडरमधून फाइल काढायची, खेळाच्या स्वतःच्या एडिटरमध्ये न्यायची, तेथून पुन्हा बाहेर काढायची आणि मग खेळ सुरू करायचा, यात माझ्या संगणकावर दर वेळी चार मिनिटे जातात. ‘ट्रॅकमेनिया’ या शर्यतीच्या खेळात ट्रॅकचा तुकडा ठेवला की त्याच क्षणी गाडी चालवून पाहता येते, आणि बनवणाऱ्याने स्वतः शर्यत पूर्ण केल्याशिवाय ट्रॅक ग्राह्यच धरला जात नाही. या दोन गोष्टींमुळे तेथील नवखा माणूसही लवकर शिकतो. मी आता प्रत्येक वळण वेगळ्या लहान फाइलमध्ये तपासतो. एकदा चौथ्या वळणाच्या जाळीच्या नावाआधी लागणारा आकडा टाकायचा राहून गेला. त्या आकड्याशिवाय खेळ त्या जाळीला टायर टेकण्याजोगा रस्ता मानत नाही, त्यामुळे गाडी डांबरातून आरपार खाली गेली. स्क्रिप्ट आता तो आकडा आपोआप लावते.

आजच्या घडीला पहिली पाच वळणे नव्या पद्धतीने उभी आहेत आणि खालून वर सलग चालवता येतात. वळणांवर जाळीचे तुकडे 4 मीटरऐवजी 1 मीटरचे केल्यापासून स्टिअरिंगला बसणारे खोटे हादरेही थांबले. त्यापुढच्या वळणांची मापे घ्यायची बाकी आहेत. पाऊस लागला की या घाटात दरडी येतात, तेव्हा फळी आणि पाणसळ घेऊन त्याआधीच एक पहाट गाठावी लागेल.