कोऱ्या गोषवाऱ्याचा उलगडा: जास्पर, सीएसव्ही आणि हरवलेला एक जून

आमच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींचा अहवाल मी जास्पर रिपोर्ट्स या, अहवाल मांडून छापणाऱ्या जावा लायब्ररीने काढतो. त्याबद्दलचे मागचे टिपण ‘गोषवाऱ्याचे पान अजूनही कोरेच येते’ या वाक्यावर थांबले होते. ते पान परवा रात्री भरून आले. कारण इतके मुळातले निघाले की, ज्यांचे अहवाल डेटाबेसऐवजी फायलींवर किंवा जावातल्या याद्यांवर चालतात, त्यांच्यासाठी ते सविस्तर लिहून ठेवतो.

मांडणी बहुतेकांना ठाऊक आहेच. लातूर जिल्ह्यातल्या औसा आणि निलंगा तालुक्यांतले आम्ही सात जण रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचतो, वहीत नोंद करतो आणि महिनाअखेरीस सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) पाठवतो. प्रोग्रॅम या सातही फायली वाचून नोंदींची एक यादी तयार करतो, ती ‘बीन कलेक्शन डेटा सोर्स’मध्ये (जावातली यादी जास्परला पुरवणाऱ्या स्रोतामध्ये) घालून जास्पर रिपोर्ट्सकडे सोपवतो. आधी दैनिक तक्ता आणि शेवटी, सबरिपोर्टमधून (मुख्य अहवालात बसवलेल्या छोट्या अहवालातून), केंद्रनिहाय गोषवारा ए४ कागदावर उतरावा, एवढीच अपेक्षा होती. तक्ता व्यवस्थित छापला जाई. गोषवाऱ्याच्या जागी मात्र पांढरा कागद. चूक नाही, इशारा नाही, लॉगमध्ये एक ओळही नाही.

पहिला संशय बँडच्या, म्हणजे पानाच्या मांडणीतल्या आडव्या पट्ट्याच्या, उंचीवर घेतला, दुसरा फील्डच्या, म्हणजे नोंदीतल्या रकान्यांच्या, नावांवर. तिसरा संशय नोंदीच्या क्लासवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या तिच्या साच्यावर, होता, कारण सुरुवातीला मी जावातले ‘रेकॉर्ड’ वापरले होते आणि बीन डेटा सोर्सला किंमत वाचून देणाऱ्या, ‘गेट’ने सुरू होणाऱ्या मेथड लागतात, ज्या रेकॉर्डमध्ये आपोआप तयार होत नाहीत. पण तो दोष मी मेमध्येच साधा क्लास लिहून दूर केला होता, आणि तसेही तक्त्याला त्याच क्लासमधून सगळे मिळत होते. मग सबरिपोर्टचे ‘व्हेन नो डेटा’ हे सेटिंग बदलून, माहिती नसली तरी बाकीचे भाग छापावेत असे सांगितले. त्याबरोबर गोषवाऱ्याचे मथळे उमटले, खाली ओळ एकही नाही. म्हणजे सबरिपोर्ट चालत होता, त्याच्या हाती नोंदी मात्र शून्य पोहोचत होत्या. मूळ सेटिंगमध्ये नोंदी नसल्या की सबरिपोर्ट काहीच छापत नाही, म्हणून इतके दिवस हे लक्षातच आले नव्हते.

यानंतर केवळ प्रयोग म्हणून तोच सबरिपोर्ट शेवटच्या ‘समरी’ बँडमधून उचलून सुरुवातीच्या ‘टायटल’ बँडमध्ये ठेवला. गोषवारा छापून आला! पण दैनिक तक्ता आता एकाच ओळीवर येऊन थांबला. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत असे मी धरून चाललो आणि निदान गोषवारा तरी तपासून घ्यावा, म्हणून त्या पानाचा फोटो आमच्या गटातल्या निवृत्त गुरुजींना पाठवला. यादीत त्यांचे केंद्र पहिले आहे. अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. “अहो, माझ्या वहीत जूनची बेरीज १६३.६ आहे, तुमच्या कागदावर १४९.४. एक तारखेचा पाऊस कुठं गेला?”

फरक बरोबर १४.२ मिलिमीटरचा. समोरच्या कागदावर, दैनिक तक्त्यात जी एकुलती एक ओळ उरली होती, ती होती: १ जून, १४.२.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसून होतो. एकही नोंद हरवलेली नव्हती. प्रत्येक नोंद नेमकी एकदाच वाचली गेली होती; पहिली मुख्य अहवालाने घेतली आणि उरलेल्या सगळ्या सबरिपोर्टने. मी सबरिपोर्टला ‘रिपोर्ट डेटा सोर्स’ हाच, म्हणजे मुख्य अहवाल वापरतो तोच, पॅरामीटर दिला होता आणि मनात समज असा होता की, मी त्याला माहिती देतो आहे. प्रत्यक्षात डेटा सोर्स म्हणजे वाचणारा असतो. जास्पर त्याला दोनच प्रश्न विचारते: पुढची नोंद आहे का, आणि असेल तर या फील्डची किंमत काय. पारायण संपत आल्यावर येऊन बसणाऱ्याला मागचे अध्याय ऐकायला मिळत नाहीत, तसेच इथे होते. मुख्य अहवाल टायटल छापण्याच्या आधीच पहिली नोंद वाचून घेतो, म्हणून टायटलमधल्या सबरिपोर्टच्या वाट्याला दुसरीपासूनच्या नोंदी येतात. समरी येईपर्यंत तर सगळे वाचून झालेले असते. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना ही अडचण सहसा जाणवत नाही, कारण तिथे सबरिपोर्टला जोडणी दिली की तो स्वतःची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडची मागणी, नव्याने चालवतो.

उपाय दोन सापडले. बीन कलेक्शन डेटा सोर्सच्या क्लासमध्ये ‘क्लोन डेटा सोर्स’ नावाची मेथड आहे. ती त्याच यादीवर नवा वाचणारा उभा करते. त्याने काम झाले. तरीही शेवटी मी दुसरा उपाय ठेवला: मूळ यादीच पॅरामीटर म्हणून पाठवायची आणि सबरिपोर्टच्या एक्स्प्रेशनमध्ये तिच्याभोवती नवा डेटा सोर्स तयार करायचा. उद्या मुख्य स्रोताचा प्रकार बदलला, तरी गोषवाऱ्याला हात लावावा लागणार नाही. परवा रात्री पावणेबाराला छापलेल्या पानावर गुरुजींच्या केंद्रापुढे १६३.६ हा आकडा आला, तेव्हा झालेला आनंद या गटातल्या लोकांना वेगळा सांगायला नको.

त्याच ओघात पानाखाली ‘पान बेरीज’ आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ हेही जमवले. पान बदलताच शून्यावर येणारा एक व्हेरिएबल आणि अखंड चालणारा दुसरा, एवढ्यावर ते होते. मात्र ग्रुपबाबत (एका मथळ्याखाली येणाऱ्या नोंदींच्या गटाबाबत) एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जास्पर स्वतःहून क्रम लावत नाही. आपल्याकडे क्रम लावून देणारी क्वेरी नाही, तेव्हा यादी आधी केंद्रानुसार आणि मग तारखेनुसार लावूनच द्यावी; नाहीतर एकाच केंद्राचा मथळा पाच ठिकाणी येतो.

छपाईबद्दल थोडेसे. पीडीएफमध्ये रफार आणि पहिली वेलांटी बिघडत असल्यामुळे मी अजूनही थेट जावाच्या छपाईतूनच कागद काढतो; ‘मुक्त’ हा फाँट लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. पुन्हा भरलेले टोनर मात्र तक्त्यांसाठी मी आता घेणार नाही. गेल्या खेपेच्या कार्ट्रिजने पानभर काळे ठिपके सोडले, आणि १४.२ मधला दशांश चिन्हाचा ठिपका कोणता व टोनरचा कोणता, हे गुरुजींना भिंग घेऊन पाहावे लागले.

सगळ्या फायली एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसमध्ये हलवण्याचे मी जवळपास ठरवले होते. तो बेत आता रद्द. आणि हे लिहीत असतानाच सुचले की, स्रोताला फक्त दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतील, तर यादीऐवजी दिनदर्शिकेवर चालणारा स्वतःचा डेटा सोर्स लिहिता येईल: १ जून ते ३० सप्टेंबर या १२२ दिवसांची प्रत्येकी एक ओळ, नोंद असली तर आकडा, नसली तर ‘नोंद नाही’. आज माझा प्रोग्रॅम रिकामा रकाना ० धरतो. पावसाचा दिवस धरायला किमान २.५ मिलिमीटर पावसाची अट असल्याने त्या मोजणीत याने फरक पडत नाही, पण पावसाचा खंड मोजताना न वाचलेला दिवस कोरडा दिवस ठरतो. पीकविम्याच्या बोलण्यात २१ दिवसांचा खंड आपल्या भागात सर्वांच्या तोंडी असतो. तिथे गावाला गेलेल्या माणसाची गैरहजेरी कोरड्या दिवसांत मिसळणे मला मान्य नाही.

त्यामुळे आलेखांचे काम मागे ठेवून आधी हा स्रोत लिहायला घेतो. जुलैच्या फायली पाठवताना सर्वांनी, मापक वाचलाच नाही त्या दिवसाचा रकाना रिकामा न सोडता त्यात ‘ना’ लिहावे, आणि पाऊस नव्हता तिथे ० स्पष्ट मांडावे.