मुक्काम आओमोरीतच

रविवार

आज अखेर ठरलं. फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन जपानला जायचं, पण टोकियो-क्योतो-ओसाका या नेहमीच्या वाटेनं नाही. टोकियोला उतरायचं, एक रात्र नीट झोप काढायची आणि सकाळच्या गाडीनं थेट उत्तरेला, आओमोरीला. परतीची गाडी धरेपर्यंत तिथंच राहायचं.

ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांचा एकच प्रश्न: बर्फच बघायचाय तर सापोरोला का नाही? तिथं फेब्रुवारीत बर्फाच्या मोठमोठ्या शिल्पांचा उत्सव असतो. असतो आणि सुंदरच असतो. पण मला उत्सवाचा बर्फ नको, रोजचा हवाय. आओमोरी म्हणजे होन्शू बेटाच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्राच्या काठी वसलेलं अडीच लाखांहून जास्त वस्तीचं शहर. एका हिवाळ्यात इथं सरासरी साडेपाच मीटरच्या वर बर्फ पडतो. १९४५ च्या फेब्रुवारीत शहरात जमिनीवर साचलेला थर २०९ सेंटिमीटर मोजला गेला होता. एवढ्या बर्फात लोक कामाला जातात, मुलं शाळेत जातात, भाजीचं दुकान वेळेवर उघडतं. हे कसं जमतं ते मला पाहायचंय.

हे वेड कुठून आलं ते मला माहीत आहे. मी भुसावळची. मे महिन्यात तिथं पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि सगळं गाव आपला दिवस उन्हाप्रमाणे बेततं. बाजारहाट सकाळी, दुपारी दारं-खिडक्या बंद, संध्याकाळी अंगणात पाणी मारून खाटा बाहेर. परक्याला वाटतं, इथं माणसं राहतात तरी कशी! आम्हाला कधी तसं वाटलं नाही. म्हणूनच हवामानाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांच्या युक्त्या बघायची इच्छा माझ्या मनात फार दिवसांपासून आहे.

सोमवार, रात्री

थंडी किती असेल म्हणून आई काळजीत होती. तिला आकडे दाखवले. आओमोरीत फेब्रुवारीचं सरासरी तापमान शून्याच्या जरासं खाली असतं. सापोरो त्याहून गार. तरी बर्फ आओमोरीत जास्त, कारण बर्फ नुसत्या थंडीनं पडत नाही, त्याला पाणी लागतं. सैबेरियावरून कोरडे गार वारे सुटतात आणि जपानच्या समुद्रावरून येताना, त्या मानानं उबदार पाण्याची वाफ उचलतात. किनाऱ्याला लागून डोंगर. वारे चढले की सगळं ओझं तिथंच उतरवतात. सह्याद्री आपल्या पावसाचं जे करतो तेच.

तापमान शून्याच्या वर-खाली होत राहतं म्हणजे दिवसा थोडं वितळणार आणि रात्री त्याची काच होणार. म्हणून माझ्या यादीत जॅकेटच्या वर बूट आहेत. टाचा नसलेले, खोल नक्षीच्या तळव्याचे, पाणी आत न घेणारे. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळेही तिथल्या दुकानांत मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्यायचे. बाबांचे गुडघे सत्तरीचे आहेत. हॉटेलही स्टेशनच्या अगदी जवळचंच बघितलंय, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

शहर बर्फ कसा हटवतं याबद्दल गेले काही दिवस वाचतेय आणि जितकं वाचावं तितकी गोडी वाढते. मोठी यंत्रं बहुतेक रात्री निघतात, सकाळच्या कामाच्या वेळेआधी रस्ते मोकळे व्हावेत म्हणून. यंत्र पुढे गेलं की रस्त्याच्या कडेचा ढीग नेमका लोकांच्या दारात येऊन बसतो आणि तो ज्याचा त्यानं काढायचा. काही भागांत रस्त्याच्या कडेनं झाकणाची गटारं आहेत, त्यांत पाणी वाहतं सोडतात. आपापल्या वेळेला लोक झाकण उघडतात, दारातला बर्फ त्यात लोटतात आणि पाणी तो वाहून नेतं. म्हणजे शेजाऱ्यांनी वेळा पाळायच्या, एकदम सगळ्यांनी लोटायचा नाही, नाहीतर तुंबलं. हे वाचून मला आमच्या रेल्वे कॉलनीतला नळ आठवला, कुणाच्या घागरी आधी लागायच्या तो हिशोब आठवला. जगात कुठंही जा, माणसांना एकत्र राहायचं म्हणजे वेळा वाटून घ्याव्याच लागतात.

याची दुसरी बाजूही आहे. छपरावरचा बर्फ उतरवताना पडून दर हिवाळ्यात जपानमध्ये माणसं दगावतात आणि त्यांत बहुतेक म्हातारी माणसं असतात. गावांतून तरुण कमी होत चाललेत, फावडं मात्र कुणी ना कुणी हातात घ्यावंच लागतं. फोटो काढताना हे ध्यानात ठेवायचं. कुणाच्या दारात कष्ट चालले असतील तर कॅमेरा आधी खाली करायचा.

बुधवार

आज बाबांशी तासभर फोन. ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, नोकरीची बहुतेक वर्षं भुसावळ यार्डाच्या आसपास गेली. निवृत्तीनंतर त्यांना कशातच फार रस घेताना मी पाहिलेलं नाही. जपानबद्दल विचारलं की "तुम्ही म्हणाल तिथं" एवढंच उत्तर. मग मी त्यांना हाक्कोदा-मारू दाखवली.

आओमोरी स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या जवळ, धक्क्याला कायमची बांधून ठेवलेली ही पिवळी बोट. आओमोरी आणि समोरच्या होक्काइडो बेटावरचं हाकोदाते यांच्यामध्ये त्सुगारूची सामुद्रधुनी आहे. १९०८ पासून १९८८ पर्यंत रेल्वेच्या बोटी ही सामुद्रधुनी ओलांडत होत्या. ११३ किलोमीटरचं पाणी, शेवटच्या काळात पावणेचार तासांहून थोडा जास्त प्रवास. आणि या बोटी नुसती माणसं नेत नव्हत्या. त्यांच्या पोटात रूळ होते. मालडबे सरळ धक्क्यावरून बोटीत ढकलायचे, पलीकडे उतरवून गाडीला जोडायचे. हाक्कोदा-मारूच्या जातीच्या बोटीत ४८ मालडबे मावत.

बाबा एकदम गप्प झाले. मग प्रश्नांची सरबत्ती. "भरतीला बोट वर येणार, ओहोटीला खाली. रूळ जुळवायचे कसे?" मी सांगितलं, मध्ये वर-खाली होणारा पूल होता, त्याचा भाग अजून तिथं उभा आहे. "आणि इंजिन चढवलं तर पुलावर केवढा भार!" इंजिन चढवतच नव्हते. इंजिन आणि मालडबे यांच्यामध्ये रिकामे हलके डबे जोडायचे, म्हणजे इंजिन काठावरच राहून ढकलायचं. "बरोबर," बाबा म्हणाले, जणू त्यांनीच सुचवलं होतं. "आणि एका बाजूला आधी भरले तर बोट कलंडेल की." त्याचंही उत्तर होतं: बोटीच्या दोन्ही कुशींना टाक्या असत, त्यांतलं पाणी इकडून तिकडे करून तोल सांभाळत.

तोया-मारूबद्दलही सांगितलं. २६ सप्टेंबर १९५४, वादळात हाकोदातेजवळ ही बोट बुडाली आणि १,१५५ माणसं गेली. मालडब्यांच्या मजल्याला मागून दार नव्हतं, लाटांचं पाणी तिथून आत घुसलं. पुढच्या बोटींना मागून पक्कं बंद होणारं दार आलं. समुद्राखालून बोगदा काढण्याच्या कामालाही याच दुर्घटनेनंतर खरा जोर चढला. तो ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा १३ मार्च १९८८ ला सुरू झाला आणि त्याच दिवशी बोटींची नियमित फेरी थांबली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "रेल्वेतला प्रत्येक नियम कुणाच्या तरी जिवावर लिहिलेला असतो."

म्हणून हाक्कोदा-मारूसाठी अख्खी दुपार मोकळी ठेवलीय. त्या दिवशी दुसरं काहीच नाही.

टोकियोहून जाण्याबद्दल मात्र चर्चाच झाली नाही. विमान तासा-सव्वा तासात पोहोचवतं, पण बर्फाच्या दिवसांत उड्डाण रद्द व्हायची धास्ती. हायाबुसा ही बुलेट ट्रेन सुमारे ६७५ किलोमीटर तीन-सव्वातीन तासांत कापते, मधल्या टप्प्यात ताशी ३२० चा वेग. सगळ्या जागा आरक्षित, तेव्हा तिकिटं आधीच काढायची. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी सुरुवातीला ज्या ई५ गाडीचं नाव होतं ती हीच, हे बाबांनीच मला सांगितलं. गाडी शिन-आओमोरीला थांबते. तिथून शहरातलं आओमोरी स्टेशन लोकलनं पाच-सहा मिनिटं.

शुक्रवार

आईचं जेवण. आई माळकरी. जपानमध्ये भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी असेल असं नाही, सूपाच्या पाण्यातच सुकवलेला मासा उकळलेला असतो. त्यामुळे हॉटेलात जेवणाचा भरवसा ठेवायचा नाही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, लोणचं इथून नेतोय. भात तिथं तयार मिळतो, गरम करून घ्यायचा. छोटी विजेची शेगडी असलेली खोली मिळाली आहे, ते मोठं काम झालं.

त्यात एकादशी येतेय. आई म्हणाली, "मी नुसत्या पाण्यावर राहीन, माझ्यासाठी तुम्ही थांबू नका." पण जपानमध्ये हिवाळ्यात भाजलेली रताळी जागोजागी मिळतात, सुपरमार्केटच्या दारात गरम दगडांवर ठेवलेली असतात. नुसती भाजलेली, मीठसुद्धा नाही. आईला फोटो पाठवला, तिचा जीव भांड्यात पडला. आणि सफरचंदं तर आहेतच. जपानच्या निम्म्याहून जास्त सफरचंदांचं पीक एकट्या आओमोरी प्रांतात येतं. आपल्याकडे फळवाल्याकडे जे फुजी सफरचंद मिळतं ती जात याच प्रांतातल्या फुजिसाकी गावच्या संशोधन केंद्रात तयार झाली. १९३९ मध्ये संकर आणि १९६२ मध्ये नाव नोंदलं. एका सफरचंदामागे तेवीस वर्षं! आईला बाग बघायची होती, पण फेब्रुवारीत झाडं उघडी असतात. ती म्हणाली, उघडीच बघू, छाटणी कशी करतात ते तरी कळेल.

बाबा मासे खातात. खाडीतल्या होताते शिंपल्यांवर आणि फुरुकावा बाजारावर त्यांचा डोळा आहे. तिथं भाताची वाटी घेऊन दुकानादुकानांतून आपल्याला हवा तो तुकडा वर घालून घेता येतो. त्या सकाळी आई आणि मी सफरचंदाच्या दुकानांत.

रविवार

बाकीचं पटकन. नेबुता हा इथला मोठा उत्सव ऑगस्टच्या २ ते ७ तारखेला असतो, तेव्हा तो हुकणार. पण कागदाचे ते अवाढव्य उजळलेले योद्धे वा-रास्से नावाच्या इमारतीत वर्षभर ठेवतात, स्टेशनच्या बाजूलाच. कलासंग्रहालयात योशितोमो नारा या कलाकाराचा साडेआठ मीटर उंच पांढऱ्या कुत्र्याचा पुतळा आहे आणि हिवाळ्यात त्याच्या डोक्यावर बर्फ साचतो. शेजारीच सान्नाई-मारुयामा. १९९२ मध्ये बेसबॉलचं मैदान बांधायला जमीन खणली, तर पाच हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं. मैदानाचं काम थांबवलं आणि गाव राखलं. २०२१ पासून ते जागतिक वारशात आहे. लोखंड नाही, भातशेती नाही, आणि अशा बर्फात माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली! या दोन्हींसाठी एक दिवस.

हाक्कोदा डोंगरावर रोपवे आहे. वर झाडांवर धुक्याचे थेंब गोठत जातात आणि आख्खं झाड बर्फाचं होतं. हवा चांगली असली तरच जायचं, असं मी दोघांनाही बजावलंय. १९०२ च्या जानेवारीत याच डोंगरात सरावाला निघालेल्या २१० सैनिकांपैकी १९९ जण हिमवादळात मेले. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, पण वारा असला तर आम्ही खाली राहून गरम पाण्यात पाय बुडवू.

कोळशाच्या शेगडीची त्सुगारू रेल्वे राहिली होती. डब्यात शेगडी आणि तिच्यावर सुकं माकूळ भाजून देतात. वासामुळे आई नको म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबांना कोळशाची गाडी बघू दे, मी डब्याच्या दुसऱ्या टोकाला बसेन." घेतली यादीत.

आज तिकिटं काढली. बाबांनी बोटीवरच्या माणसांना विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून पाठवलेत. डबे रुळांना साखळीनं बांधत की आणखी कशानं? वादळी दिवशी लोडिंग थांबवायचा निर्णय कोण घेत असे, कप्तान की स्टेशनमास्तर? गार्ड बोटीतून पलीकडे जात असे, की डब्यांचे कागद दुसऱ्याच्या हाती देऊन परत येत असे? उद्या यांचं जपानी भाषांतर करून मोठ्या अक्षरात छापून घ्यायचंय.