सहा रंगांचं अंदाजपत्रक

मी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात अभियंता आहे. लातूरच्या बाजूचं छोटं शहर. आमच्याकडे येणारे अर्ज ठरलेले असतात: नाली तुंबली, रस्ता उखडला, गतिरोधक टाका, टाकलेला काढा. त्या गठ्ठ्यात उन्हाळ्यात एक वेगळाच अर्ज आला. कॉलेजच्या फाटकासमोर इंद्रधनुष्याच्या, म्हणजे समलैंगिक आणि तृतीयपंथी समाजाच्या झेंड्याच्या रंगांचं झेब्रा क्रॉसिंग करून द्यावं, आणि ते 6 सप्टेंबरच्या आत व्हावं. 2018 साली त्याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले होते. खाली कॉलेजच्या दहा-बारा मुलामुलींच्या सह्या होत्या. हे धाडस सोपं नाही. इथं प्रत्येक सहीमागचं घर कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचं असतं.

मुख्याधिकाऱ्यांनी बैठक लावली. दालनात खुर्च्या पुरल्या नाहीत. समोरच्या दुकानदारांपैकी एक काका आधी बोलले, "साहेब, पाणी आठ-आठ दिवसाला येऊलालंय, अन् तुम्ही रस्ते रंगवूलालाव?" 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. काकांचा राग खरा होता, आणि तो कुणी हसण्यावारी नेलाही नाही.

अर्ज देणाऱ्यांतल्या एका मुलीनं परदेशांतले फोटो दाखवले. मला विचारलं गेलं तेव्हा मी त्यातली खर्चाची बाजू मांडली. सिडनीत 2013 साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवर असे पट्टे आखायला सुमारे 65 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. लोक फोटोसाठी रस्त्यावर झोपतात, धोका आहे, असं सांगून राज्य सरकारने काही आठवड्यांतच ते उखडले. त्याला आणखी सुमारे 30 हजार लागले. चिडलेल्या लोकांनी मग जागोजागी खडूने इंद्रधनुष्य काढलं, आणि 2019 साली जवळच्याच चौकात ते पट्टे अधिकृतपणे परत आले. अमेरिकेतल्या ऑर्लँडोत 2016 साली समलैंगिकांच्या एका क्लबमधल्या गोळीबारात 49 जण मारले गेले होते. तिथल्या स्मरणाचे रंगीत पट्टे ऑगस्ट 2025 मध्ये राज्याच्या वाहतूक खात्याने रातोरात बुजवले. म्हणजे रंगवायला पैसे जातात तसे पुसायलाही जातात, आणि तेही जनतेचेच असतात. आपल्याकडे करायचंच असेल तर उद्या कुणाला पुसायला निमित्त मिळणार नाही असं, नियमात बसवून करावं, असं माझं मत मी तिथंच सांगितलं.

कुणीतरी म्हणालं, रंग बघून ड्रायव्हर गोंधळेल. शंका रास्त आहे. अमेरिकेत रस्त्यावर चित्रं काढलेल्या 17 ठिकाणांचा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. तिथं पादचारी आणि सायकलस्वारांचे अपघात निम्म्याने कमी झालेले दिसले. 17 जागा फार नव्हेत, आणि तिथली वाहतूक आपल्यासारखी नाही. तरी रंगाने अपघात वाढतात या भीतीला त्यातून आधार मिळत नाही. आपल्याकडे मात्र 2022 या एकाच वर्षात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, त्यातली 32,825 पायी चालणारी होती. कॉलेजच्या फाटकासमोर तर साधे पांढरे पट्टेसुद्धा उरलेले नाहीत.

एवढा वेळ दाराशी उभ्या असलेल्या एका ताई तेव्हा बोलल्या. त्या तृतीयपंथी आहेत, कंत्राटी सफाई कामगार आहेत, आणि तो रस्ता त्यांच्याकडेच आहे. "पहाटं मी झाडते तिथं. साधा रंग दिवाळीला मारला तर होळीपतोर राहत नाही. खराट्याला कळतंय साहेब, कुठं रंग हाय अन् कुठं डांबर. करायचं तर जाड करा. आमच्या नावानं केलेलं चार महिन्यांत पुसून गेलं तर लोक आम्हालाच हसतील." काका मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिले. रोज त्यांच्याच दुकानापुढचा कचरा उचलणाऱ्या या ताईंशी ते त्या दिवशी पहिल्यांदा बोलले असावेत. म्हणाले, "व्हय, ते खरंय. माझ्या दुकानापुढचा पट्टा असाच गेला."

दुपारी मुकादम मामांना घेऊन जागेवर गेलो. डांबर इतकं तापलेलं की टेप जमिनीला टेकवून धरताना मामांनी हाताखाली रुमाल घेतला. दुभाजकापासून कडेपर्यंत 7 मीटर भरलं. झेब्राचा पट्टा अर्ध्या मीटरचा, मधली जागाही अर्ध्या मीटरची. दोन्ही कडांना वीतभर सोडलं की सात पांढरे पट्टे बसतात, आणि त्यांच्या मधे सहा मोकळ्या जागा उरतात. इंद्रधनुष्याच्या त्या झेंड्याचे रंगही आज सहाच असतात. पांढऱ्याला हात न लावता रंग मधल्या काळ्या जागांत भरता येतात, हे बघून मला मनापासून आनंद झाला. पांढरे पट्टे गरम थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे वितळवून ओतायच्या जाड रंगाचे, अडीच मिलिमीटर जाडीचे, वरून काचेचे मणी टाकलेले. रात्री हेडलाइटच्या उजेडात तेच चमकतात, म्हणून त्यांच्यावर तडजोड नाही.

संध्याकाळी अंदाजपत्रकाला बसलो आणि खरी अडचण पुढे आली. पांढऱ्या थर्मोप्लास्टिकचा दर सरकारी दरसूचीत आहे, जांभळ्याचा नाही. दर नाही म्हणजे दरपृथक्करण करा (साहित्य, मजुरी असा एकेक खर्च मांडून दर काढा), कोटेशन मागवा, तांत्रिक मंजुरीसाठी खुलासा जोडा. असे बरेच प्रस्ताव पैशापायी अडत नाहीत, या कागदांपायी अडतात. रंगांचा जो वाढीव आकडा निघाला तो त्याच रस्त्याच्या दुभाजकात लावलेल्या शोभेच्या दिव्यांच्या खर्चापुढे किरकोळ होता. त्या दिव्यांच्या वेळी पाण्याचा प्रश्न कुणी काढला नव्हता. पाण्याचा हिशोब मागायलाच हवा, पण तो प्रत्येक कामापुढे मागावा, फक्त या पोरांच्या अर्जापुढे नको.

मी एका फाइलच्या दोन केल्या. पांढरे पट्टे, फलक आणि पट्ट्यांच्या अलीकडे गतिरोधक हे सुरक्षेचं काम, ते देखभालीच्या तरतुदीतून लगेच. सहा रंगांचा प्रस्ताव वेगळा, पुढच्या सभेपुढे, खर्चाच्या पूर्ण तपशिलासह. अर्ज देणाऱ्या मुलीला फोन करून सांगितलं की 6 सप्टेंबरचं वचन देता येणार नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सर, सभेच्या दिवशी आम्ही येऊन बसलो तर चालेल का?" म्हटलं, या, आणि त्या ताईंनाही सोबत आणा. कोटेशनची पत्रं दुसऱ्याच दिवशी पाठवली.