पीसीआय आयडी तोच, मग ड्रायव्हर का अडतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न ठरलेला असतो: नेटवर्क कार्डाचा पीसीआय आयडी (संगणकाला कार्ड ओळखता यावं म्हणून दिलेला क्रमांक) तोच, कंपनीच्या ड्रायव्हरवर सगळं सुरळीत, मग लिनक्स कर्नलमधल्या ड्रायव्हरलाच काय होतं? तिकडचा कोड उचला की!

आयडी तोच म्हणून चिप तीच, असं नसतं. रिअलटेकच्या नेटवर्क चिपसाठीचा कर्नलमधला आर८१६९ ड्रायव्हर बघा. १०ईसी:८१६८ या एका आयडीखाली चिपच्या कितीतरी रिव्हिजन, म्हणजे आवृत्त्या, येतात. खरी ओळख ट्रान्समिट कॉन्फिग रजिस्टरमधल्या (रजिस्टर म्हणजे चिपमधली आकडे ठेवायची जागा) एक्सआयडी या आवृत्तीच्या खुणेवरून पटते. तो अनोळखी निघाला तर ड्रायव्हर 'अननोन चिप' छापून माघार घेतो. अंदाजाने रेटण्यापेक्षा ते परवडलं.

कंपनीचा कोडही वाचलाय. फायच्या (केबलवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या भागाच्या) रजिस्टरांचे पत्ते आणि त्यात लिहायचे आकडे, ओळीच्या ओळी. कशासाठी, ते कुठेच नाही. मध्येच एक डिले. तो चिपला लागतो की कुणीतरी घाबरून टाकलाय, हे डेटाशीटशिवाय, म्हणजे चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकाशिवाय, कसं कळणार? आणि डेटाशीट मिळते ती गोपनीयतेच्या करारावर सही केली तरच.

पण खरा छळ एएसपीएमचा, म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातल्या पीसीआयई लिंकची वीज वाचवणाऱ्या सोयीचा. ट्रॅफिक थांबला की लिंक एल१ या कमी विजेच्या अवस्थेत झोपते. काही रिव्हिजन त्यातून उठतच नाहीत. लॉगमध्ये 'ट्रान्समिट क्यू ० टाइम्ड आउट' येतं, वॉचडॉग (असं अडकणं पकडणारी कर्नलची सोय) रिसेट मारतो, तोही लागत नाही. कारण आता कुठलंही रजिस्टर वाचा, ०एक्सएफएफएफएफएफएफएफएफ. हे चिपचं उत्तर नव्हेच. पलीकडून कुणी बोलत नाही म्हणून सगळे बिट १ भरून येतात. स्टेटस म्हणून ते खरं धरलं, तर सगळे इंटरप्ट (चिपचे प्रोसेसरला इशारे) एकदम आल्यासारखे दिसतात. 'रिसेट बिट शून्य होईपर्यंत थांब' या लूपला मर्यादा नसेल, तर तो संपतच नाही.

यावर लोक रात्रभर आयपर्फ (नेटवर्कवर सतत भार टाकणारी चाचणी) चालवून 'काही बिघाड नाही' कळवतात. अहो, लोडवर लिंक झोपतच नाही! पाच-दहा सेकंदांच्या अंतराने पिंग सोडा, मधे पूर्ण शांतता ठेवा. आणि 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' या कर्नलच्या पर्यायाने एएसपीएम बंद होत नाही; बायोसने (मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरने) जे लावलंय त्याला कर्नल फक्त हात लावत नाही. सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग फाइलींसारखी दाखवणाऱ्या जागेत) त्या डिव्हाइसच्या लिंक फोल्डरमधल्या एल१_एएसपीएममध्ये ० लिहा, मग बघा.

मग सगळ्यांसाठीच एल१ बंद का नाही? एके काळी मीही हेच म्हणायचो. पण लिंक जागी राहिली की लॅपटॉपचा प्रोसेसर खोल सी-स्टेटमध्ये (गाढ झोपेच्या अवस्थेत) जात नाही आणि बॅटरीची ओरड सुरू होते. म्हणून एल१ कुठे बंद ठेवायचं याची रिव्हिजननुसार यादी. तीही डळमळीतच: तीच चिप एका मदरबोर्डवर लटकते, दुसऱ्यावर मजेत चालते. दोष चिपचा की बायोसचा, हे मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही.

तेव्हा बिघाड कळवताना एक्सआयडी, बायोसची आवृत्ती, अख्खा डीमेसेज (कर्नलचा लॉग) आणि 'एलएसपीसीआय -एनएनव्हीव्ही' (पीसीआय डिव्हाइसांची माहिती देणारी आज्ञा) हिचं आउटपुट द्या. तेवढी शेवटची आज्ञा रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवा, नाहीतर लिंकच्या माहितीच्या जागी 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं.